हर्षल ग्रहाचा शोधक

आपल्या पंचांगात मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी या प्राचीन नावांच्या जोडीला हर्षल हे एक नाव आढळते. हे नाव कोणा देवतेचे नाही. विल्यम हर्शेल या माणसाचे आहे. मराठीत रुळताना हर्शेलचा हर्षल झाला. ज्याच्या नावाने आपण एक ग्रह ओळखतो, तो पुरुष व्यवसायाने मात्र संगीतशिक्षक होता.

विल्यमचा जन्म १७३८ साली जर्मनीतील हॅनोव्हर शहरी झाला. वडील सैन्याच्या वाद्यवृंदात वादक होते. मुलानेही तोच व्यवसाय पत्करला. १७५७ साली तो इंग्लंडला गेला आणि पुढे बाथ या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला. दिवसभर शिकवण्या करून तो थकून घरी येई आणि रात्री गणिताचे व खगोलशास्त्राचे ग्रंथ वाचीत बसे.

परंतु नुसत्या वाचनाने त्याचे समाधान होईना. ग्रंथांत वर्णिलेले आकाश स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हा एकच ध्यास त्याला लागला. मोठी दुर्बीण विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा ती स्वतःच घडवण्याचे त्याने ठरवले. तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा ओतून तो घासावा लागे, आणि अखेरची झिलई देताना हात थांबवून चालत नसे. एकदा हर्शेलने सलग सोळा तास आरशावरचा हात काढला नाही. त्याची धाकटी बहीण कॅरोलिन हिने त्या वेळी त्याला घास भरवले. ती गायिका होण्यासाठी बाथला आली होती. पण भावाच्या कार्यासाठी तिने गायन सोडले. पुढे तिने स्वतः आठ धूमकेतू शोधून काढले.

१३ मार्च १७८१ च्या रात्री हर्शेल घरामागील बागेतून तारे न्याहाळत होता. त्यांतील एक तारा त्याला निराळा भासला. अधिक शक्तीचे भिंग लावताच तो थाळीसारखा मोठा दिसू लागला. चार दिवसांनी त्याची जागाही बदललेली आढळली. तो धूमकेतू असावा, असे हर्शेलला वाटले. परंतु गणिताने तो शनीच्या पलीकडील ग्रह ठरला. पूर्वीच्या ज्योतिर्विदांनीही तो पाहिला होता. पण सामान्य तारा समजून सोडून दिला होता.

इंग्लंडच्या राजाने हर्शेलला सालीना २०० पौंडांचे वेतन दिले आणि त्याची शिकवण्यांतून सुटका झाली. १७८९ साली त्याने चाळीस फूट लांबीची प्रचंड दुर्बीण उभारली. सुमारे २,५०० तेजोमेघांची व तारकागुच्छांची नोंद करून १८२२ साली तो निवर्तला.

शाळेतील लहान दुर्बिणीतूनही हर्षल ग्रह निळसर हिरव्या ठिपक्यासारखा दिसतो. तो पाहण्यास फार मोठे साधन लागत नाही. मात्र तो तारा नव्हे, हे ओळखण्यास हर्शेलसारखी चिकाटी व सावध दृष्टी लागते.