हैदराबादचे भाग्यरेड्डी वर्मा : नावासाठी लढलेला माणूस

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपल्या आजोबा-पणजोबांचा राजा निजाम, त्यांच्या कचेरीची भाषा उर्दू आणि त्यांची राजधानी हैदराबाद. तरीही चळवळीचा इतिहास सांगताना आपण महाड, नाशिक, पुणे, नागपूर ही नावे घेतो. ती घेतलीच पाहिजेत. पण ज्या शहरातून आपल्यावर राज्य चालत होते, त्याच शहरात एका अस्पृश्य तरुणाने अस्पृश्यांची संघटना उभी केली होती, आणि तीही बाबासाहेब मुंबईत शाळेत शिकत होते त्या काळात, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? त्या तरुणाचे नाव भाग्यरेड्डी वर्मा. तेलंगणात आणि आंध्रात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मराठवाड्यातही ते घेतले जावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

भाग्यरेड्डींनी आयुष्यभर एकच प्रश्न समाजापुढे धरला : या भूमीत आम्ही कोण? आम्ही येथले मूळचे धनी, की गावाच्या दयेवर वेशीबाहेर राहणारे उपरे? हा प्रश्न आजही मिटलेला नाही. म्हणून त्यांचे उत्तर काय होते, त्या उत्तराने काय मिळवले आणि ते कोठे अपुरे पडले, हे आपण शांतपणे पाहिले पाहिजे.

२२ मे १८८८ रोजी हैदराबादेत, माला या अस्पृश्य जातीत त्यांचा जन्म झाला. आपल्याकडे महार, तसे तेलुगू मुलुखात माला. घरचे नाव भागय्या, आडनाव मादरी. घराण्याचा एक शैव गुरू होता. त्याने या मुलाचे नाव बदलून भाग्यरेड्डी ठेवले. रेड्डी हे तर तेलुगू मुलुखातील जमीनदार जातीचे नाव! मग अस्पृश्याच्या पोराला ते कसे? त्या गुरूची समजूत अशी की, रेड्डी हा शब्द राज्य करणारा या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आला, आणि आर्य येण्यापूर्वी या भूमीवर राज्य करणारे हेच लोक होते. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होवो वा न होवो, तिने काय केले ते ध्यानात घ्या. ज्या लेकराला उद्या रस्त्याच्या कडेने अंग चोरून चालायचे होते, त्याला तिने सांगितले की हा रस्ता तुझ्या पूर्वजांचा आहे.

घरी गरिबी होती. भाग्यरेड्डींनी एका ख्रिस्ती बॅरिस्टरच्या घरी नोकरी केली. तेथे शिकलेल्या माणसांचे बोलणे कानावर पडले आणि वाचनाची गोडी लागली. १९०६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी जगन्मित्र मंडळी स्थापन केली. आपल्याकडे जलसा आणि कीर्तन होते, तशी तेलुगू मुलुखात हरिकथा होती. निरक्षर लोकांपर्यंत पोहोचण्याचे तेच साधन होते. वस्त्यावस्त्यांतून हरिकथा लावून ते दारूविरुद्ध, बालविवाहाविरुद्ध, देवाला मुली सोडण्याविरुद्ध बोलत. तेथे त्या मुलींना जोगिणी म्हणत, आपल्याकडे मुरळी म्हणत. नाव वेगळे, नरक तोच. १९११ साली त्यांनी मान्य संघम् काढला. त्यांनी अस्पृश्यांच्या मुलामुलींसाठी तेलुगू शाळा काढल्या. संस्थानात शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून होत असताना गरिबाच्या पोराला त्याच्या आईच्या भाषेत अक्षर द्यायचे, हा विचार त्या काळी लहान नव्हता. शाळांची संख्या वाढत वाढत दोन डझनांवर गेली.

या कामाबद्दल १९१३ साली आर्यसमाजाने त्यांना वर्मा ही पदवी दिली. वर्मा म्हणजे क्षत्रियाची पदवी. आता या एका नावाकडे नीट पाहा. जन्माने भागय्या. गुरूने दिलेले रेड्डी सांगते की, तू आर्यांच्या आधीचा राजा. आर्यसमाजाने दिलेले वर्मा सांगते की, तू आर्यांतलाच क्षत्रिय. एकाच माणसाच्या नावात एकमेकांना छेद देणाऱ्या दोन वंशावळी! हा गोंधळ एकट्या भाग्यरेड्डींचा नव्हता. महात्मा फुले यांनी १८७३ साली गुलामगिरी लिहून शूद्रातिशूद्रांना या भूमीचे मूळचे रहिवासी ठरवले. त्यांच्या विचारांचे गोपाळबाबा वलंगकर यांनी विटाळविध्वंसन हे पुस्तक १८८८ साली, म्हणजे भाग्यरेड्डींच्या जन्मवर्षीच काढले. त्यांच्या मंडळीच्या नावात अनार्य हा शब्द होता. पण सैन्यभरती बंद झाली तेव्हा सरकारदरबारी अर्ज करताना, आमचे पूर्वज क्षत्रिय होते, असेही त्यांना म्हणावे लागले. असे का झाले? कारण दरवाजा दुसऱ्याच्या ताब्यात होता, आणि दारावरचा माणूस एकच गोष्ट विचारत होता : तुझा बाप कोण, आजा कोण?

१९१७ च्या नोव्हेंबरात बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, आंध्र प्रांतातील अस्पृश्यांची पहिली परिषद भरली. भाग्यरेड्डी अध्यक्ष होते. परिषदेच्या नावात पंचम हा शब्द होता. पंचम म्हणजे पाचवा, चार वर्णांच्या बाहेरचा. अध्यक्षांनी पहिला घाव त्या शब्दावरच घातला. पुराणांत आणि इतिहासात या नावाचा कोणी वर्ण नाही, हे नाव आम्हाला दुसऱ्यांनी चिकटवले आहे, आम्ही या भूमीचे आद्य पुत्र आहोत, म्हणून आम्हाला आदि-आंध्र म्हणा, असे त्यांनी मांडले. परिषदेच्या दिवसांत गावातल्या कनकदुर्गेच्या देवळाची दारे लावून घेण्यात आली होती. आत जाण्याचा कोणी आग्रह धरू नये म्हणून! देवीने दार लावले, पण सरकारला दार उघडावे लागले. १९२२ साली मद्रास सरकारने जुनी हिणवणारी नावे काढून आदि-द्रविड आणि आदि-आंध्र ही नावे कागदोपत्री मान्य केली.

हैदराबादेतही त्यांच्या संस्थेच्या नावात आदि-हिंदू हा शब्द आला. आदि-हिंदू म्हणजे हिंदू धर्मातील खालची पायरी नव्हे. परकीयांनी या देशाच्या रहिवाशांना हिंदू म्हटले, त्या रहिवाशांत आम्ही सर्वांत जुने, असा त्याचा अर्थ. १९२५ साली त्यांनी आदि-हिंदू कारागिरांच्या कलाकौशल्याचे प्रदर्शन भरवले. ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही, त्यांच्या हातच्या वस्तू जगाने पाहाव्यात, हा त्यामागचा हेतू. १९३१ साली त्यांनी भाग्यनगर नावाचे तेलुगू पत्र काढले आणि वेठबिगारीत पिचलेल्या मादिगाची कथा लिहिली. येसकराची काठी हाती घेऊन पाटलाच्या दारात उभे राहिलेल्यांच्या नातवंडांना ती कथा समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच १९३१ सालच्या शिरगणतीत निजाम सरकारने संस्थानातील अस्पृश्यांची गणना आदि-हिंदू या नावाखाली केली. म्हणजे वाचकहो, आपल्या बीड जिल्ह्याचीही. ज्या हैदराबादच्या माणसाचे नाव आपल्या वाडवडिलांनी कदाचित ऐकलेही नव्हते, त्याच्या झगड्यामुळे सरकारी कागदावरचे त्यांचे नाव बदलले. एका पिढीत एवढे साधणे हा पराक्रमच आहे.

पण नावाने सगळे साधले काय? माला आणि मादिग दोघेही आदि-हिंदू, दोघेही या भूमीचे आद्य पुत्र. तरी त्यांच्यात रोटीबेटीची भिंत उभीच राहिली. पुढाऱ्यांत फूट पडली आणि मादिगांनी अरुंधतीय या नावाने आपली वेगळी संघटना केली. पूर्वज एक म्हटल्याने ताट एक होत नाही, हे सत्य त्या फुटीने उघडे केले. महार-मांग या शब्दांत आपण आपल्या गावाकडे पाहिले, तर ते सत्य आपल्यालाही ओळखीचे वाटेल.

भाग्यरेड्डींच्या जीवनाचा आणखी एक धागा आहे, आणि धम्माच्या वाचकाने तो हातातून सोडू नये. ज्या १९१३ साली त्यांना क्षत्रियत्वाची पदवी मिळाली, त्याच वर्षापासून ते हैदराबादेत बुद्धजयंती साजरी करू लागले. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा अजून त्रेचाळीस वर्षे होती. बाबासाहेबांसारखी धर्मांतराची जाहीर घोषणा भाग्यरेड्डींनी केली नाही. पण वंशावळ सांगणाऱ्या दोन पदव्या नावात बाळगणारा हा माणूस दर वैशाखी पौर्णिमेला अशा शास्त्यापुढे नतमस्तक होत होता, ज्याने वंशावळच निकालात काढली होती. १९३० साली लखनौला भरलेल्या अखिल भारतीय परिषदेचे ते अध्यक्ष होते. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडावी, यास तेथे पाठिंबा देण्यात आला. १८ फेब्रुवारी १९३९ रोजी, पन्नाशी ओलांडताच, त्यांचे निधन झाले.

त्यांचा प्रश्न पुढे बाबासाहेबांनी हाती घेतला, पण उत्तर वेगळे दिले. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधातच त्यांनी सांगितले होते की, भारतातील लोक वंशाने मिसळलेले आहेत आणि जात टिकली ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनामुळे. १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या नाकांची मापेसुद्धा तपासली आणि अस्पृश्य हा वेगळा वंश आहे हे मत फेटाळले. त्यांच्या मते अस्पृश्य हे पराभूत टोळ्यांतून फुटून गावाबाहेर वसलेले लोक होते. त्यांनी बुद्धाला सोडले नाही, म्हणून त्यांच्यावर विटाळ लादला गेला. पाहा, येथे पूर्वजांचा शोध आहेच, पण तो रक्ताचा शोध नाही. तो पूर्वजांनी काय मानले आणि कोणती निष्ठा सोडली नाही, याचा शोध आहे. २०१३ साली शास्त्रज्ञांनी रक्तातील वंशद्रव्य तपासून दाखवले की, या देशातील जवळजवळ सगळे समाज प्राचीन काळी एकमेकांत मिसळले, आणि सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीपासून हे मिसळणे थांबत गेले. प्रयोगशाळा नसताना बाबासाहेबांनी बुद्धीने जे ओळखले, त्याच्या जवळच विज्ञान आले.

आज आपल्या जिल्ह्यात काय चित्र आहे? २०२३ पासून निजामकाळातील जुनी दप्तरे पुन्हा उघडली गेली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे शासननिर्णय निघाला. गावोगाव माणसे पणजोबांच्या नोंदी धुंडाळत आहेत. त्या वादात येथे शिरायचे नाही. पण बौद्धांनाही हे नवे नाही. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, तरी केंद्राच्या यादीतली दारे बौद्धांना १९९० सालापर्यंत बंद होती. आजही बौद्ध आईबापाच्या मुलाला दाखला हवा, तर १० ऑगस्ट १९५० पूर्वी त्याचे पूर्वज कोणत्या अस्पृश्य जातीचे होते, त्याचा पुरावा मागतात. शिक्षकाच्या नात्याने शाळेच्या रजिस्टरात जातीचा रकाना भरताना मी हे दर जूनमध्ये पाहतो. बाप अभिमानाने बौद्ध सांगतो, आणि आई हळूच म्हणते, गुरुजी, पुढे अडचण येईल, जुनी जात पण टाका. आई चुकत नाही. अन्याय जातीने झाला, त्याची भरपाई मागताना जात सांगावीच लागेल. तो आपला हक्क आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही.

परंतु वाचकहो, हक्क मागण्याचा कागद वेगळा आणि स्वतःची ओळख वेगळी. या दोहोंची गल्लत होऊ देऊ नका. आपल्यातले काही बांधव आज मूळनिवासी हा शब्द मोठ्याने उच्चारतात. त्यामागची वेदना आणि स्वाभिमान भाग्यरेड्डींच्याच जातीचा आहे. पण पहिला कोण आला यावर माणसाचा देशावरचा हक्क ठरू लागला, तर उद्या तेच माप घेऊन कोणी दुसरा आपल्या दारात उभा राहील. उशिरा आलेल्याला उपरा म्हणण्याचे शस्त्र आज कोणावर चालते, हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. ते शस्त्र हाती घेणाऱ्याला शेवटी स्वतःचाही सातबारा दाखवावा लागतो.

तथागतांच्या संघात असा सातबारा नव्हता. उच्च कुळाचा गर्व असलेले शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले, तेव्हा त्यांच्याआधी त्यांच्या न्हाव्याला, उपालीला, दीक्षा देण्यात आली. म्हणून राजपुत्रांना उपालीपुढे वाकावे लागले. संघात थोरपण ठरे ते दीक्षेच्या दिवसावरून, बापाच्या नावावरून नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना जे दिले, ते हेच होते. त्या मैदानावर कोणालाही आजोबाचे नाव विचारले गेले नाही.

भाग्यरेड्डी वर्मांनी आपल्याला हिणवणारे नाव फेकून देण्याचे धैर्य दिले. ते त्यांचे ऋण आहे. २२ मे हा त्यांचा जन्मदिवस वैशाखी पौर्णिमेच्या आसपासच येतो. यंदा आपल्या गावच्या विहारात बुद्धजयंतीला त्यांची कथा सांगा. आणि ती सांगताना समोर मांगवाड्यातली, वडारवाड्यातली, पारध्यांच्या पालावरची माणसे बसली आहेत की नाहीत, हेही पाहा. नसतील, तर उठून त्यांना बोलावून आणा. मग कथा सुरू करा.

जयभीम.