मुठीवरचं नक्षीकाम

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हाची गोष्ट. कर्ज दिलेल्या कारखान्यांची पाहणी करायला अधूनमधून जावं लागे. साठा मोजायचा, यंत्रं जागेवर आहेत की नाहीत ते बघायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं. पितळी ओतकामाच्या अशाच एका शेडमध्ये, नळाच्या तोट्या आणि पंपाच्या बुशांच्या ढिगाशेजारी, एके दिवशी मला दोन लाकडी पाकळ्या दिसल्या. हाताच्या घामानं काळ्या झालेल्या, मधे एकेक भोक पाडलेल्या. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, एका निवृत्त सुभेदारांच्या रिव्हॉल्व्हरची मूठ आहे. हत्यार परवान्याचं, ते घरी कुलपात. एक स्क्रू काढला की लाकूड वेगळं होतं, तेवढंच त्यांनी आणून दिलेलं. मुठीच्या बुडाशी लाकडाचा टवका उडाला होता. तिथं त्यांना पितळेची तळपट्टी हवी होती आणि तिच्यावर जोतिबाचा घोडा.

काम नखाएवढं, पण मिस्त्री त्यात रमले होते. बुडाला काजळी लावून कागदावर ठसा घेतलेला. पितळ थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी नमुना ठशापेक्षा केसभर मोठा. वाळूच्या साच्यात ओतायचं, मग कानस, मग बफिंग. लाकडात पट्टीच्या जाडीइतकी खाच पाडायची आणि दोन बारीक स्क्रूंनी ती अशी बसवायची, की बोट फिरवलं तर लाकूड कुठं संपलं आणि पितळ कुठं सुरू झालं ते कळू नये.

मी विचारलं, मूठ हातात धरल्यावर घोडा दिसणार कुणाला? मिस्त्री हसले. म्हणाले, साहेब, हत्यार कमरेच्या म्यानात असतं तेव्हा बाहेर काय राहतं? मुठीचं बूड! आणि खंडेनवमीला पाटावर मांडल्यावर हळदकुंकू वाहायचं कुठं?

तो घोडा मी विसरलो नाही. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळू लागला आणि ज्या माणसानं रिव्हॉल्व्हर घरोघर पोचवलं त्याचं चरित्र हाती आलं. सॅम्युअल कोल्ट. वाचता वाचता कळलं, की मुठीच्या नक्षीची किंमत आमच्या मिस्त्रींप्रमाणं या गृहस्थालाही नेमकी ठाऊक होती. फक्त त्यानं तिचा जो उपयोग केला, तो सुभेदारांच्या स्वप्नातही आला नसता.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी झाला. लहानपणीच आई गेली. वडिलांचा धंदा बसला आणि अकरा वर्षांचं पोर एका शेतकऱ्याकडं कामाला राहिलं. पुढं शाळेत घातलं, तर १८३० च्या स्वातंत्र्यदिनी यानं दारूकामाचे प्रयोग करून आग लावून घेतली. शाळा सुटली. वडिलांनी त्याला जहाजावर चढवलं. जहाजाचं नाव कॉर्व्हो, आणि वाचकहो, ते निघालं होतं आपल्या कलकत्त्याला!

या प्रवासात सोळा वर्षांच्या कोल्टनं फिरत्या नळ्यांच्या पिस्तुलाचा एक लाकडी नमुना कोरला. जहाजाचं सुकाणूचक्र कुठंही फिरवलं तरी त्याचा एकेक आरा ठरावीक जागी येऊन अडकतो, ते पाहून कल्पना सुचली, असं तो पुढं सांगत असे. काही अभ्यासकांना हे पटत नाही. कॉलियर नावाच्या अमेरिकन माणसाची फिरत्या कोठ्यांची पिस्तुलं त्याआधीच लंडनमध्ये तयार होत होती आणि हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेकडं आली होती. ती कोल्टनं पाहिली असावीत, असं ते म्हणतात. मला स्वतःला सुकाणूची गोष्ट फार गोंडस वाटते. कर्जाच्या अर्जाला जोडलेल्या प्रकल्प अहवालात अशा गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत.

परत आल्यावर नमुना तयार करायला पैसा हवा. या पठ्ठ्यानं नावात एक अक्षर घालून डॉक्टरकी धारण केली आणि गावोगाव लोकांना हसवणारा वायू हुंगवण्याचे खेळ लावले. जाहिरातीत स्वतःला न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचा नामांकित डॉक्टर म्हणवून घेतलं. जमलेल्या पैशांतून बाल्टिमोरच्या जॉन पिअरसन या कारागिराकडून पिस्तुलं घडवून घेतली. त्या बिचाऱ्याला मजुरीसाठी तिष्ठत बसावं लागे.

१८३६ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं आणि पॅटरसन गावी कारखाना निघाला. पण भागधारकांचा पैसा कोल्ट मेजवान्यांत आणि भेटवस्तूंत उडवू लागला. खजिनदार होता त्याचाच नातलग, डडली सेल्डन. त्यानं कानउघाडणी केली. कोल्टचं म्हणणं, मोठ्या लोकांना खूश केल्याशिवाय सरकारी मागणी यायची नाही. मोठी मागणी आली नाही ती नाहीच. १८४२ मध्ये कारखाना बुडाला. त्याच वर्षी त्याच्या भावानं, जॉननं, खुनाच्या आरोपाखाली फाशीच्या दिवशीच तुरुंगात स्वतःला भोसकून घेतलं. खरं सांगतो, त्या वर्षी कोल्ट माझ्या टेबलासमोर येऊन बसला असता तर मी त्याला एक छदामही दिला नसता. तारण नाही, पूर्वीचं कर्ज थकलेलं, आणि बोलणं मात्र बादशहाचं.

त्याला तारलं ते युद्धानं. मेक्सिकोवर स्वारी झाली तेव्हा टेक्सासच्या कॅप्टन सॅम्युअल वॉकरला ही पिस्तुलं हवी होती. १८४७ च्या जानेवारीत हजार नगांची मागणी आली आणि कोल्टकडं कारखानाच नव्हता! त्यानं एलाय व्हिटनी यांच्या कारखान्यात ती करून घेतली. एकेक दोन किलो वजनाचं, सहा बारांचं. वॉकर त्याच वर्षी लढाईत पडला. कोल्ट मात्र हार्टफर्डला परतला, स्वतःचा कारखाना काढला आणि एलायशा रूट या हुशार तंत्रज्ञाला हाताशी धरून यंत्रावर असे सुटे भाग बनवू लागला, की एकाचा भाग दुसऱ्याला चालावा.

आता मुठीकडं वळतो. कोल्टच्या पिस्तुलाला अक्रोडी मूठ असे आणि तिच्या कडेनं, बुडाखालून, धातूची पट्टी गेलेली असे. पुष्कळदा पितळेची, ऐपतदार गिऱ्हाइकासाठी तिच्यावर चांदीचा मुलामा. फिरत्या कोठीवर टेक्सासच्या आरमाराची लढाई उठवलेली. खास भेटीच्या पिस्तुलांवर सोन्याचं जडावकाम होई आणि त्या पट्टीवर मानकऱ्याचं नाव कोरून खाली कर्नल कोल्टतर्फे सप्रेम भेट, अशा अर्थाचा मजकूर येई. कर्नल ही पदवी गव्हर्नरच्या मेहेरबानीची; रणांगण त्यानं पाहिलं नव्हतं. तुर्कस्तानचा सुलतान अब्दुलमजीद याला त्यानं दिलेलं सोनेरी पिस्तूल आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. सुलतानाचा हाडवैरी असलेल्या रशियाच्या झारलाही तशीच भेट गेली. एकाला सांगायचं, दुसरा घेतोय. दुसऱ्याला सांगायचं, पहिला घेतोय. सांगलीच्या हळद बाजारातल्या दलालांना हे तंत्र नवं नाही, पण तिथं निदान सौदा हळदीचा असतो.

पेटंटची मुदत वाढवून घेण्यासाठी हीच नक्षीदार पिस्तुलं वॉशिंग्टनच्या प्रतिनिधींच्या घरी गेली. एका सदस्याच्या छोट्या मुलालाही एक मिळालं, हे १८५४ च्या चौकशीत बाहेर आलं. मुदतवाढ मिळाली नाही. या जागी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. लोखंडाच्या उघड्या पिस्तुलाकडं बघून बापानं चार प्रश्न तरी विचारले असते. नक्षी आली, नाव कोरलं, मखमलीची पेटी आली, की ती वस्तू दागिना होते. आणि दागिन्याला कुणी विचारत नाही, तू कशासाठी आहेस म्हणून.

यादवी युद्धाच्या तोंडावर दक्षिणेच्या संस्थानांना तो माल पाठवतच राहिला. उत्तरेची वर्तमानपत्रं त्याला देशद्रोही म्हणू लागली, तेव्हा थांबला. मग उत्तरेचं काम अहोरात्र सुरू झालं. १० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. मागं सुमारे दीड कोटी डॉलरची मालमत्ता होती आणि एलिझाबेथ ही पत्नी, लग्नाला सहा वर्षंही न झालेली. युद्धाच्या त्या काळात टिफनी धाटणीच्या, गरुड आणि न्यायदेवता कोरलेल्या धातूच्या ओतीव मुठी न्यूयॉर्कच्या दुकानात कोल्टच्या पिस्तुलांवर बसवून मिळू लागल्या होत्या.

एलिझाबेथबाईंची पाच मुलं झाली, त्यांतली चार बालपणीच गेली. कारखाना जळाला, तो त्यांनी पुन्हा उभा केला. नवऱ्याच्या आणि मुलांच्या स्मरणार्थ हार्टफर्डला, कामगारांच्या वस्तीतच, १८६९ मध्ये चर्च बांधलं. त्याच्या एका दाराचं छायाचित्र मी बराच वेळ पाहत होतो. दगडात वेलबुट्टी, क्रूस, आणि त्यांच्यामध्ये रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग कोरलेले. शिल्पकाराचा हात बेतशीर आहे. मुद्दाम पाहिलं नाही तर ती पानंफुलंच वाटावीत. पाटावर झेंडू वाहिलेलं सुभेदारांचं हत्यार मला तिथं आठवलं. आपण दोघेही तेच करतो, असं वाटलं आणि बरं वाटलं नाही.

उरलेला एकुलता मुलगा कॉल्डवेल. त्याला शिडाच्या नौकांचा नाद होता. १८९४ मध्ये फ्लोरिडाला तोही गेला. म्हाताऱ्या आईनं चर्चच्या शेजारी त्याच्या नावानं आणखी एक इमारत उभारली. तिच्यावर जहाजाचे दोर, नांगर आणि सुकाणू कोरलेलं आहे.