आजोळावर शस्त्र न उचलणारा सिद्धार्थ



तुमच्या घरात भगवान बुद्धांची तसबीर लागली आहे. लेकरू ती पाहून विचारते, हे घर सोडून का गेले? तेव्हा आपण ऐकीव गोष्ट सांगतो. राजपुत्राने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले आणि निजलेल्या बायकोमुलाला टाकून तो रात्री निघून गेला. परमपूज्य बाबासाहेबांना ही गोष्ट पटली नाही. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नसेल, हे कसे संभवते? त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी वेगळे कारण मांडले आहे. ते तुम्ही समजून घ्या आणि मुलांना सांगा.

शाक्यांचे कपिलवस्तु आणि कोलियांचे देवदह. मधून रोहिणी नदी वाहते. दोघांची शेती याच पाण्यावर आणि दोघांत सोयरिकीही होत. सिद्धार्थाची आई महामाया ही देवदहच्या कोलियांची लेक. बाळंतपणासाठी माहेरी जाताना वाटेत लुंबिनीवनात तिने सिद्धार्थाला जन्म दिला. ती गेल्यावर ज्या महाप्रजापतीने त्याला वाढविले, ती तिचीच बहीण. म्हणजे कोलियांचा गाव हे सिद्धार्थाचे आजोळ!

पाणी आधी कोणी घ्यायचे, यावरून दोन्हीकडे वरचेवर तंटे होत. सिद्धार्थ शाक्यसंघाचा सभासद होऊन आठवे वर्ष चालू होते. त्या वर्षी दोन्हीकडच्या गड्यांत मारामारी होऊन माणसे जखमी झाली. सेनापतीने संघाची सभा बोलावली आणि कोलियांवर युद्धाचा ठराव मांडला.

सिद्धार्थ विरोधाला उभा राहिला. आपल्या माणसांची काहीच चूक नव्हती काय, हे आधी पाहा, असे त्याने सुचविले. दोघे पंच आपले, दोघे त्यांचे, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा, अशी सूचना त्याने मांडली. पाण्यावरचा हक्क सोडा, असे तो म्हणाला नाही, हे ध्यानात घ्या. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी उभे राहिलेल्यांचे आपण वारस आहोत. हक्क न्यायाने मिळवावा, रक्ताने नव्हे, एवढेच त्याचे म्हणणे होते.

मोठ्या बहुमताने सूचना पडली. दुसऱ्या दिवशी २० ते ५० वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात यावे, असा ठराव आला. आदल्या दिवशी विरोध करणारे आता गप्प बसले. एकटा सिद्धार्थ उठला आणि आपण लढणार नाही, असे त्याने सांगितले. सेनापतीने धमकी दिली, कुटुंबावर बहिष्कार घालू, जमिनी जप्त करू. बांधवांनो, बहिष्कार म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला कोणी शिकवायला नको. सिद्धार्थाने विनवणी केली, की शिक्षा मला एकट्याला द्या, माझ्या घरच्यांना नको. अखेर परिव्राजक होऊन देश सोडण्याचे त्याने स्वतःहून मान्य केले.

तो चोरून गेला नाही. आईबाप रडले, त्यांची त्याने समजूत घातली. यशोधरेने तर त्याचा निर्णय योग्य ठरविला. राहुल तान्हा नसता तर तीही त्याच्याबरोबर निघाली असती.

पुढे राजगृहात पाच परिव्राजकांनी त्याला वार्ता आणली. तो गेल्यावर शाक्यांतले लोक युद्धाविरुद्ध उठले, मिरवणुका निघाल्या, समेट झाला आणि पाण्याचे तंटे मिटविण्यासाठी कायमचे पंचमंडळ नेमले गेले. आता घरी परतायला हरकत नव्हती. पण सिद्धार्थ परतला नाही. माणसामाणसांतला, वर्गावर्गांतला झगडा जगभर आहे, त्याचे मूळ शोधल्यावाचून परत कसे जायचे? त्याच शोधातून आपला धम्म जन्मला.

आज कित्येक घरांतून अशीच रोहिणी वाहते आहे. तुम्ही दीक्षा घेतली, मामाने घेतली नाही. लग्न बौद्ध पद्धतीने लावले म्हणून भावकी जेवायला आली नाही. बहिणीच्या सासरी तुमचे नाव काढत नाहीत. अशा वेळी दोन चुका होतात. कोणी नाते टिकविण्यासाठी सोडलेले देव पुन्हा घरात आणतो. कोणी धम्माच्या नावाने आजोळाशी बोलणे टाकतो. सिद्धार्थाने यांतले काहीच केले नाही. तत्त्वापुढे तो संघालाही नमला नाही आणि आजोळावर त्याने शस्त्रही उचलले नाही. जे सोसायचे ते त्याने स्वतः सोसले.

तुम्ही बावीस प्रतिज्ञांवर ठाम राहा. पण मामाच्या दारात आजारपण आले तर पहिली हाक तुमची जाऊ द्या. पुढच्या वेळी लेकराने तसबिरीकडे बोट दाखविले, तर त्याला रोहिणीची गोष्ट सांगा.

जयभीम!