शाळेसाठी गाणारी एला

शाळेचं समूहगीत चालू असतं तेव्हा सगळ्यांना सूर देणारी, चुकणाऱ्याला नजरेनेच सावरून घेणारी एक मुलगी त्या घोळक्यातच असते. टाळ्या सगळ्यांना मिळतात, पण भार तिने वाहिलेला असतो. एला शेपर्ड ही अशीच एक विद्यार्थिनी.

१८५१ साली अमेरिकेत नॅशव्हिलजवळ एला जन्मली तीच गुलाम म्हणून. मालकीण चिमुरड्या पोरीला आईच्याच चहाड्या सांगायला शिकवते आहे, हे कळल्यावर आई तिला घेऊन नदीवर जीव द्यायला निघाली होती. एका म्हाताऱ्या बाईने अडवलं म्हणून दोघी वाचल्या. वडिलांनी राबून आधी स्वतःची सुटका विकत घेतली, मग ३५० डॉलर मोजून लेकीला सोडवलं. आईला मात्र मालकिणीने सोडलं नाही. मायलेकींची ताटातूट झाली.

एलाला संगीताचं भारी वेड. सिनसिनाटी शहरात एक गोरी शिक्षिका शिकवायला तयार झाली, पण अट काय? रात्री, मागच्या दाराने यायचं आणि कुणाला सांगायचं नाही! एला तशीही शिकली. १८६६ मध्ये वडील गेले. मिळेल ते काम करत, १८६८ मध्ये जेमतेम ६ डॉलर घेऊन ती नॅशव्हिलच्या फिस्क शाळेत आली. पैसे लवकरच संपले. मग शिकता शिकताच ती इतरांना पियानो शिकवू लागली.

शाळा जुन्या लष्करी बराकींत भरायची, डोक्यावर कर्ज. ती बंद पडणार अशी वेळ आली, तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट सरांनी नऊ मुलामुलींचा गायकवृंद घेऊन निधीसाठी दौरा काढला. तारीख ६ ऑक्टोबर १८७१. प्रमुख व्हाइट सर, पण साथ करणं, तालीम घेणं, सर आजारी पडले की सगळं सांभाळणं हे विशीतल्या एलाकडे. हॉटेलवाले दारातून परत पाठवत. तरीही सुरुवातीच्या एका कार्यक्रमाचे पैसे मुलांनी शिकागोच्या आगीतल्या पीडितांना देऊन टाकले.

आईबापांनी गुलामीत गायलेली भक्तिगीतं परक्यांसमोर गायला मुलांना आधी संकोच वाटायचा. एलाने ती स्वरलिपीत उतरवली, बसवून घेतली. आणि काय सांगू, त्याच गाण्यांनी श्रोते रडले! १८७३ मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियानेही ती ऐकली. जमलेल्या पैशांतून ज्युबिली हॉल उभा राहिला, १८७६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. शाळा तरली, पुढे विद्यापीठ म्हणून नावारूपाला आली.

एलाने आईलाही नॅशव्हिलला आपल्याजवळ आणलं. १९१४ मध्ये ती गेली.

मैत्रिणींनो, आपल्या आई-आजीच्या ओव्या आपल्याला कधी जुनाट वाटतात ना? घरातल्या गाण्याची लाज न बाळगता ते चारचौघांत नेलं, की त्यातून एक अख्खी शाळा उभी राहू शकते. एलाने ते करून दाखवलं.