नुसतं बघत न बसणारा साधा माणूस

सामान्य माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर पटकन कोण येतं? बहुतेकांच्या आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’. धोतर, चौकड्यांचा कोट, चष्मा आणि तोंडातून चकार शब्द नाही. पुढाऱ्यांचे खेळ चाललेले असतात आणि हा आपला कोपऱ्यात उभा राहून बघतोय. वरळीला समुद्राकाठी त्याचा पुतळासुद्धा आहे. तो आपल्याला जवळचा वाटतो, कारण आपणही बऱ्याचदा तेच करतो. बघतो, वैतागतो आणि पुढची लोकल पकडतो.

त्याच मुंबईत, त्याच काळात, दुसरा एक माणूस वेगळाच सामान्य माणूस कागदावर उतरवत होता. याच्याकडे कोट नव्हता, चष्मा तर नाहीच. हा दगड फोडायचा, हमाली करायचा, उपाशी झोपायचा, आणि अंगावर आलं की गप्प बसायचा नाही. लिहिणाऱ्याचं नाव अण्णा भाऊ साठे. १ ऑगस्टला चौकाचौकात ज्यांचा फोटो लागतो, मिरवणूक निघते, ते. फोटो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पुस्तकाचं मात्र तसं म्हणता येत नाही.

मूळ नाव तुकाराम. जन्म १ ऑगस्ट १९२०, गाव वाटेगाव, तालुका वाळवा, आताचा सांगली जिल्हा. घर मातंग समाजातलं. इंग्रजांच्या ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याचा काच असा होता की, गुन्हा केलेला असो वा नसो, माणसानं चावडीवर जाऊन हजेरी द्यायची. म्हणजे जन्मालाच संशयित. अण्णा भाऊंच्या जन्माच्या वेळची एक गोष्ट अजून सांगितली जाते. घरात बाळाच्या घुटीलाही पैसा नव्हता, तेव्हा इंग्रजांचा खजिना लुटून आलेला फकिरा दारात आला आणि ओंजळभर रुपये देऊन गेला. गोष्टीत भर किती पडली असेल ती असो, पण हा फकिरा त्यांच्याच नात्यागोत्यातला होता आणि पुढे तोच त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीचा नायक झाला.

शाळा झाली जेमतेम दीड दिवस. पुढे दहा-बारा वर्षांच्या या पोराला घेऊन कुटुंब मुंबईला निघालं, तेही पायी. अंतर तीनशे किलोमीटरच्या वर. वाटेत मिळेल ते काम करायचं, चार पैसे जमले की पुढं सरकायचं. मुंबईत आल्यावर हमाली केली, कोळसा उचलला, फेरीवाल्याच्या मागे गाठोडं घेऊन फिरले, गिरणीत लागले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत. आपण ज्या पाट्यांकडे बघतही नाही, त्या कुणाची तरी अंकलिपी होत्या.

गिरणगावातल्या संपांनी आणि मोर्चांनी त्यांना कम्युनिस्ट पक्षाकडे नेलं. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात ते कार्यकर्ते म्हणून घडले. १९४३मध्ये त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. विचार करा, वाटेगावचा मुलगा, रशिया नकाशावर पाहिलेला, आणि डफावर थाप मारून व्होल्गाकाठच्या लढाईचं वर्णन कामगारांना सांगतोय. १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत ‘लाल बावटा कलापथक’ उभं राहिलं. या तिघांनी महाराष्ट्र अक्षरशः पिंजून काढला.

इथं अण्णा भाऊंनी एक मोठी गोष्ट केली, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तमाशाची सुरुवात गणानं होते, गणपतीला वंदन करून, आणि मग कृष्ण-गवळणींची गवळण. अण्णा भाऊंनी गणात मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि राबणाऱ्या माणसाला मुजरा केला. गवळण काढूनच टाकली. समोर बसलेल्या गिरणी कामगाराला पहिल्यांदाच कळलं की वंदन आपल्यालाही करतात. स्वातंत्र्यानंतर सरकारनं या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. नुसती करमणूक असती तर कुणी कशाला घातली असती?

त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घरोघरी पोचली. गावाकडे बायकोला ठेवून मुंबईला आलेल्या कामगाराचा विरह, एवढाच तिचा वरवरचा विषय. पण तोच विरह पुढे बेळगाव, कारवार, निपाणीपर्यंत जातो. राज्याच्या सीमेचा प्रश्न त्यांनी नवरा-बायकोच्या ताटातुटीतून सांगितला. नकाशापुढे माणूस भाषण ऐकतो, इथं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सामान्य माणूस त्यांनी कसा पाहिला हे बघायचं तर ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचावी. भीमा नावाचा पहिलवानी अंगाचा गडी गाव सोडून मुंबईच्या उपनगरात येतो. खाणीत दगड फोडून संसार उभा करतो. खाण बंद पडते. उपासमार सुरू होते. अशात एकदा मसणवट्यातल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि तो तिथली राख चाळू लागतो, मग प्रेतं उकरू लागतो. एका रात्री ताज्या मढ्यावरून त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. भीमा जिंकतो, पण सोनं काढताना त्याची बोटं प्रेताच्या जबड्यात अडकतात आणि शेवटी ती कापावी लागतात. त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. भीमा लहान पोरासारखा रडतो. सुतकी उचलणारी बोटंच गेलेली असतात.

ही कथा कीव मागत नाही. भीमा चोर आहे का, असं विचारलं तर उत्तर देता येत नाही, आणि हो-नाही करत आपण खाण कुणी बंद केली इथपर्यंत येतो. अण्णा भाऊंनी मात्र हा प्रश्न कथेत कुठंही लिहिलेला नाही.

‘फकिरा’ १९५९ची. दुष्काळात माणसं पटापट मरत असताना धान्याची कोठारं फोडून वाटणारा हा नायक शेवटी आपल्या लोकांच्या सुटकेसाठी स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो. सरकारी दफ्तरात जो गुन्हेगार, तो इथं गावाचा आधार आहे. पुस्तक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेलं. १९६१मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. खरं सांगायचं तर अण्णा भाऊंचं सगळंच लेखन या उंचीचं नाही. पोटासाठी झरझर लिहिलेल्या काही कादंबऱ्यांत योगायोग फार, नायक जरा जास्तच देखणे, शेवट सिनेमासारखे. सिनेमावाल्यांना त्या आवडल्या यात नवल नाही. ‘वैजयंता’वर १९६१मध्ये चित्रपट आला. पण तमासगीर बाई किंवा खाणकामगार मुख्य पात्र म्हणून येतो आणि हार मानत नाही, ही गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

१९५८मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक अण्णा भाऊ. शेषनागानं पृथ्वी डोक्यावर पेलली आहे ही कथा त्यांनी त्या व्यासपीठावर उलटी केली आणि पृथ्वीचा भार दलित-कामकऱ्यांच्या तळहातावर आहे असं सांगितलं. हे बोलणारा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहत होता. भोवती तीच माणसं, जी त्यांच्या पानांवर दिसतात.

१९६१मध्ये ते रशियाला जाऊन आले. पोवाड्यातला देश प्रत्यक्ष पाहिला आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. परत आल्यावर दिवस पालटले नाहीत. प्रकृती ढासळली, पैशाची तंगी कायम राहिली. १८ जुलै १९६९ला ते गेले, तेव्हा एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. मागे तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्यं, पोवाडे.

२००२मध्ये त्यांचं टपाल तिकीट निघालं आणि २०२२मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात पुतळा बसला. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात ‘फकिरा’ बहुतेक असतेच, कपाटात जरा मागच्या रांगेत. आणि ‘स्मशानातील सोनं’ वाचायला अर्धा तासही लागत नाही.