खानदेशचे साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घरची गरिबी असल्यामुळे त्यांना फार कष्टाने शिकावे लागले. एम. ए. झाल्यावर १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले.

कोकणातील तांबड्या मातीत आणि दाट झाडीत वाढलेल्या या तरुणाला खानदेश अगदी नवा होता. काळीभोर जमीन, कपाशीची शेते, रणरणते ऊन आणि कानांवर पडणारी अहिराणी बोली! परंतु शाळेच्या वसतिगृहातील मुलांचे ते लवकरच आईसारखे पालक झाले. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, आजारी मुलांच्या उशाशी रात्र रात्र बसत. मुलांनी त्यांना गुरुजी म्हटले आणि हेच नाव पुढे महाराष्ट्राने उचलले.

जे दुःख रोज डोळ्यांपुढे असते, त्याची माणसाला सवय होते. बाहेरून आलेल्या गुरुजींना मात्र ते पदोपदी बोचू लागले. सोन्यासारखा कापूस पिकविणारा शेतकरी कर्जात बुडालेला होता. गिरणीत कापड विणणाऱ्या मजुराच्या अंगावर धड वस्त्र नव्हते. १९३० साली नोकरी सोडून गुरुजींनी स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेतली. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन करीत आणि गुरुजी ते भराभर उतरून घेत. त्यांच्यामुळेच तो अमोल ठेवा आपल्याला लाभला.

पुढे मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. त्या काळात अतिवृष्टीने खानदेशातील पिके बुडाली. सरकार आपल्याच पक्षाचे आहे म्हणून गुरुजी गप्प बसले नाहीत. गावोगाव पायपीट करून त्यांनी शेतसाऱ्यात सूट मिळावी अशी मागणी केली. अन्याय कोणाच्याही हातून होवो, तो अन्यायच, असे त्यांचे मन सांगत होते.

सर्वांत मोठा अन्याय तर समाजानेच चालविला होता. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात जाण्यास मज्जाव होता. देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर असताना देवाचे दार बंद राहावे, हे गुरुजींना सहन होईना. महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी लोकांची मने जागी केली आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. प्रकृती ढासळत चालली, तरी निश्चय ढळला नाही. अखेर मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी या जगाचा निरोप घेतला. जन्माने ते कोकणचे; पण खानदेश त्यांना आपलाच मानतो. दुसऱ्याचे दुःख ज्याला आपले वाटते, त्याला कोणताही मुलूख परका राहत नाही.