इंग्लंडची माशी अमेरिकेच्या नदीत चालेना, म्हणून थिओडोर गॉर्डनने स्वतःची बांधली

मासेमारी म्हटलं की गळ, गांडूळ आणि तासन्‌तास वाट बघणं डोळ्यासमोर येतं. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र गांडूळ नसतं. गळाभोवती पिसं आणि रेशमाचा धागा गुंडाळून खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर टाकायची आणि ट्राउट माशाने तिला खरी समजून तोंड मारायचं, असा हा खेळ.

अमेरिकेत या खेळाला नवं वळण देणारा माणूस होता थिओडोर गॉर्डन.

गॉर्डनचा जन्म १८५४ चा, पिट्सबर्गचा. वडील तो लहान असतानाच गेले. तब्येत पहिल्यापासून नाजूक. माशी बांधायला तो शिकला ते थॅडियस नॉरिस यांच्या १८६४ साली आलेल्या पुस्तकातून.

त्या काळात न्यूयॉर्क शहराच्या वायव्येला असलेल्या कॅट्सकिल डोंगरातल्या नद्या बदलत होत्या. कातडी कमावण्यासाठी हेमलॉक झाडांची साल लागायची, म्हणून जंगलंच्या जंगलं तोडली गेली. सावली गेली, पाणी तापलं, कारखान्यांची घाण नदीत आली. तिथला मूळचा ब्रूक ट्राउट कमी होत गेला.

मग १८८३ साली जर्मनीहून ब्राउन ट्राउटची अंडी अमेरिकेत आली. हा मासा थोडं गरम पाणीही सहन करायचा, पण भलताच सावध. पाण्यात बुडवून ओढायच्या भडक रंगांच्या जुन्या माश्यांना तो सहजासहजी फसत नव्हता.

तिकडे इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी कोरड्या माशीचं तंत्र पुस्तकात मांडलं होतं. कोरडी माशी म्हणजे बुडत नाही, तरंगते ती. गॉर्डनने त्यांना पत्र लिहिलं. फेब्रुवारी १८९० मध्ये हॅलफर्ड यांचं उत्तर आलं आणि सोबत त्यांच्या माश्यांचे नमुनेही आले.

कुणीही त्या माश्यांची हुबेहूब नक्कल केली असती. पण इथे एक अडचण होती.

हॅलफर्ड यांच्या दक्षिण इंग्लंडमधल्या नद्या संथ आणि आरशासारख्या स्वच्छ. कॅट्सकिलच्या नद्या दगडधोंड्यांतून उड्या मारत जाणाऱ्या. इंग्लिश माशी तिथे लगेच बुडायची. शिवाय ती ज्या किड्यांवरून बांधलेली होती, ते किडेही इथले नव्हते.

मग गॉर्डनने आपल्याच नदीतले किडे बघायला सुरुवात केली. मेफ्लाय नावाचा कीटक नदीच्या तळाशी वाढतो, पंख फुटायच्या वेळी पृष्ठभागावर येतो आणि पंख वाळेपर्यंत पाण्यावर वाहत राहतो. ट्राउट त्याला गाठतो तो याच वेळी. कॅट्सकिलमध्ये वसंताच्या सुरुवातीला निघणाऱ्या करड्या मेफ्लायसारखी जी माशी त्याने बांधली, तिचं नाव क्विल गॉर्डन.

तिचं अंग मोरपिसाचं असतं. मोरपिसाच्या डोळ्याजवळचा एक धागा घ्यायचा आणि त्यावरची लव काढून टाकायची. उरलेल्या काडीची एक कड फिकट असते, दुसरी गडद. ती गळाभोवती गुंडाळली की किड्याच्या पोटावर असतात तसे पट्टे उमटतात. पंख वुड डक बदकाच्या पिसांचे. पुढे कोंबड्याच्या मानेचं निळसर करडं पीस गुंडाळायचं. त्याचे ताठ केस चहूबाजूंनी पसरतात आणि माशीला पाण्यावर उचलून धरतात. पीस मऊ निघालं की माशी बुडालीच. त्यामुळे योग्य रंगाचं ताठ पीस मिळवणं ही गॉर्डनची कायमची डोकेदुखी होती.

माशी फेकणं हीसुद्धा कला आहे. साध्या गळाला टोकाशी वजन असतं, माशीला ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे काठीने जड दोरी मागेपुढे झुलवून तिच्याच वजनावर माशी लांब न्यायची आणि अलगद टेकवायची.

गॉर्डनला क्षयाने गाठलं होतं. लग्न केलं नाही. शेवटची वर्षं तो नेव्हरसिंक नदीकाठी राहिला. बर्फ पडला की घरात बसून माश्या बांधायचा आणि विकायचा. लंडनच्या फिशिंग गॅझेटमध्ये आणि अमेरिकेच्या फॉरेस्ट अँड स्ट्रीममध्ये लिहायचा. माशी बांधायचं तंत्र मात्र त्याने फार थोड्यांना दाखवलं. त्यातला एक म्हणजे टपाल खात्यात काम करणारा रॉय स्टीनरॉड. पुढे स्टीनरॉडने बांधलेली हेंड्रिक्सन माशीही प्रसिद्ध झाली.

१ मे १९१५ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी गॉर्डन गेला. हयातीत त्याचं एकही पुस्तक आलं नाही. जॉन मॅकडोनल्ड यांनी त्याचे लेख आणि पत्रं एकत्र करून छापली ती १९४७ मध्ये.

अमेरिकन कोरड्या माशीचा जनक असं त्याला म्हणतात. खरं तर त्याच्या आधीही अमेरिकेत तरंगती माशी टाकणारे लोक होते. गॉर्डनचं मोठेपण वेगळं आहे. गुरूकडून आलेला नमुना हातात असताना त्याने आपल्या नदीत काय चाललंय ते पाहिलं.

पुढे न्यूयॉर्क शहराला पाणी हवं म्हणून नेव्हरसिंकवर धरण झालं. १९५० च्या दशकात जलाशय भरला आणि गॉर्डन राहायचा तो परिसर बुडिताखाली गेला.

त्याची माशी मात्र आजही बांधली जाते. इतकंच काय, ज्या मेफ्लायसारखी ती दिसते, त्या खऱ्या किड्यालाही आता मासेमार क्विल गॉर्डनच म्हणतात.